वॉर्डात इन्फेक्शन कंट्रोल किती रुजलंय, हे तपासायचं कसं?

दरवर्षी नर्सिंग कॉलेजच्या मुली डिसर्टेशनसाठी, म्हणजे शोधनिबंधासाठी, आमच्याकडे येतात. निम्म्या जणींचा विषय ठरलेला असतो: परिचारिकांचे संसर्ग नियंत्रणाविषयीचे ज्ञान आणि दृष्टिकोन. दुपारी दोनच्या हॅन्डओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना, छापील प्रश्नावली वाटली जाते. घरी जायची घाई असलेला स्टाफ शेजारणीच्या कागदात डोकावत टिका मारतो आणि कागद परत करतो. निकालही ठरलेला. ज्ञान समाधानकारक, दृष्टिकोन सकारात्मक. त्याच वॉर्डाच्या इंजेक्शन ट्रॉलीवर मात्र १०० मिलीच्या एनएसच्या (नॉर्मल सलाइनच्या) बाटलीच्या रबरात एक सुई खोचून ठेवलेली असते, आणि सकाळपासून अख्ख्या वॉर्डाचे व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेल्या नळ्या) त्याच बाटलीतून फ्लश झालेले, म्हणजे सलाइन सोडून साफ केलेले असतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. आधी मेडिकल वॉर्ड केला, मग आयसीयू, आणि मग एके दिवशी मेट्रन मॅडमनी फाइल हातात दिली. ज्या सिस्टरच्या गळ्यात हे पद नुकतंच पडलंय आणि ज्या मुलीला हाच विषय घेऊन डिसर्टेशन करायचंय, त्या दोघींसाठी हे लिहितेय. प्रश्नावली टाकून द्या असं माझं म्हणणं नाही. प्रश्न बदला, आणि कागदाच्या शेजारी ट्रॉली ठेवून दोन्ही एकत्र वाचा.

आधी भीती काढा

मेट्रनची परवानगी लेखी घ्या. शोधनिबंध असेल तर एथिक्स कमिटीचीही लागते. पण खरी परवानगी स्टाफची. कागदावर नाव लिहायला लावलंत की सगळी उत्तरं पुस्तकातली येणार, हे धरूनच चाला. नाव नको म्हणून बऱ्याच जणी नावाची ओळ काढतात आणि वय, शिक्षण, अनुभव, वॉर्ड असं सगळं विचारतात. नऊ जणींच्या वॉर्डात छेचाळीस वर्षांची, बावीस वर्षं अनुभव असलेली एएनएम एकच असते. मग नाव लपवलं कुठे? मी फक्त दोन गोष्टी विचारते. अनुभव पाच वर्षांच्या आत की पुढे, आणि काम वॉर्डात की आयसीयू-ओटीत. उत्तरं टिक मारायची, कारण लहान हॉस्पिटलात अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं असतं. कागद टाकायचा डबा इनचार्ज सिस्टरच्या टेबलावर ठेवू नका. चेंजिंग रूममध्ये ठेवा.

वेळ कोणती? हॅन्डओव्हर नकोच. सकाळची इंजेक्शनं, ड्रेसिंगं, राउंड उरकल्यावर अकरा-साडेअकराला थोडी उसंत मिळते. दोघी-दोघींना लांब बसवून पंधरा मिनिटं द्या. नाइटच्या स्टाफला विसरू नका, कारण सगळ्यात कमी हातांनी सगळ्यात जास्त काम तेच करतात.

मावशी आणि मामांना (सफाईच्या आणि मदतीच्या स्टाफला) कागद देऊ नका, त्यांच्याशी बोला. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) कालवणं, सांडलेलं रक्त पुसणं, पिशव्या उचलणं ही कामं त्यांच्याच हातची आहेत, आणि 'परिचारिकांचे ज्ञान' या शीर्षकात ते कधी येत नाहीत.

ज्ञानाचे प्रश्न: प्रसंग द्या

'हात धुणे हा संसर्ग रोखण्याचा सर्वात महत्त्वाचा उपाय आहे: हो / नाही.' अशा प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच असतं. तो काढून टाका. त्याऐवजी असं विचारा:

'६ नंबर बेडचं रक्ताने भिजलेलं ड्रेसिंग बदलून झालंय, हातात तेच ग्लोव्ह्ज आहेत. ७ नंबरचा पंप वाजतोय, सलाइन संपलीय. काय कराल?' पर्याय द्या: ग्लोव्ह्जवरच स्टेरिलियम (अल्कोहोलचा हॅन्ड रब) चोळून सलाइन बदलेन, त्यावर दुसरी जोडी चढवेन, ग्लोव्ह्ज काढून हॅन्ड रब करून मग सलाइनला हात लावेन. बरोबर उत्तर तिसरं. पहिल्यावर आमच्याकडे बऱ्याच टिका पडल्या, आणि त्या मारणाऱ्या सगळ्या 'हात धुणे महत्त्वाचे' म्हणणाऱ्याच होत्या. ग्लोव्ह्जला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, काढताना मनगट आणि बोटं बरबटतात, म्हणून ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात साफ करायचेच. हे तत्त्व सगळ्यांना पाठ असतं. पंप वाजत असताना आठवतं का, ते हा प्रश्न विचारतो.

'अँटिबायोटिक चालू असलेल्या पेशंटला जुलाब लागलेत, रिपोर्ट क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा आहे. त्याला हाताळल्यावर हात कशाने साफ कराल?' इथे साबण आणि पाणीच. त्या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही, ते घासून वाहत्या पाण्याबरोबर घालवावे लागतात. एरवी हात दिसायला स्वच्छ असतील तर हॅन्ड रब पुरतो, २० ते ३० सेकंद. साबणाने धुवायला सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. हे आकडे विचारण्यापेक्षा एकीला हात चोळायला सांगा आणि दुसरीला घड्याळ बघायला सांगा. अंगठा आणि बोटांची टोकं बहुतेकींची सुटतात.

हायपोचा हिशेब आवर्जून विचारा. 'बाटलीवर ५ टक्के लिहिलंय. १ टक्क्याचं एक लिटर द्रावण करायचंय. हायपो किती, पाणी किती?' उत्तर २०० मिली हायपो, ८०० मिली पाणी. रीत सोपी आहे: बाटलीवरच्या टक्क्यांना हव्या त्या टक्क्यांनी भागायचं आणि एक वजा करायचा, तेवढे भाग पाणी. ५ भागिले १ म्हणजे ५, वजा १ म्हणजे ४. एक भाग हायपोला चार भाग पाणी. बाटली १० टक्क्यांची असेल तर एकाला नऊ. आमच्या मावशींचं उत्तर होतं, "बादलीला एक टोपण." ते टोपण कुणी, कधी, कुठल्या बाटलीवरून ठरवलं, कुणालाच सांगता आलं नाही. द्रावण रोज ताजं करायचं, उन्हात ठेवायचं नाही. संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये ते मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हा शेवटचा मुद्दा मावशींना माहीत असणं सिस्टरला माहीत असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

कचऱ्याच्या रंगांवर फार वेळ घालवू नका. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम आले तेव्हापासून प्रत्येक डब्याच्या वर तक्ता आहे, आणि लाल-पिवळं सगळ्यांना येतं. फक्त फसवणारे दोन-तीन विचारा. रिकामी ब्लड बॅग? प्लास्टिक दिसते म्हणून लालमध्ये जाते, खरं तर पिवळ्यात. युरोबॅग (लघवीची पिशवी)? रिकामी करून लालमध्ये. फुटलेलं काचेचं अ‍ॅम्प्यूल? निळ्यात. सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. आणि कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, हे इनचार्ज सिस्टरला विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. 'रात्री अडीच वाजता सुई टोचली. पहिल्या पाच मिनिटांत काय कराल? फोन कुणाला? पीईपीच्या गोळ्या कुठे आहेत? कपाटाची किल्ली कुणाकडे?' पहिलं उत्तर नर्सचं ज्ञान तपासतं: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वर स्पिरिट किंवा हायपो ओतायचं नाही. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने किंवा एनएसने धुवायचं. बाकीची तीन उत्तरं हॉस्पिटलला तपासतात. एचआयव्हीसाठीची पीईपी, म्हणजे संपर्क आल्यावर लागण टाळायला घ्यायची औषधं, जमल्यास २ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, ७२ तासांच्या पुढे तिचा उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. गोळ्या फार्मसीत आणि फार्मसी रात्री बंद, असं असेल तर स्टाफचं ज्ञान मोजून उपयोग काय? एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने, २०१७ च्या, ही सोय करणं ही संस्थेची जबाबदारी ठरवली आहे. व्यवस्थापनासमोर बसताना हा कायदा लक्षात असू द्या.

इथेच हिपॅटायटिस बी चं विचारून घ्या. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुईतून हिपॅटायटिस बी होण्याचा धोका तीस टक्क्यांपर्यंत जातो, एचआयव्हीचा साधारण ०.३ टक्के. भीती मात्र उलटी. एचआयव्हीच्या नावाने रात्रभर झोप येत नाही आणि लसीचा तिसरा डोस राहिलेला असतो. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली त्याची तपासणी. तो १० किंवा वर आला की निश्चिंत. 'तुमचा टायटर किती?' हा एक प्रश्न घाला. आमच्याकडे टायटर म्हणजे काय, असं परत विचारलं गेलं.

दृष्टिकोन: खोटं बोलणं अवघड करा

इथे 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशी पाच पायऱ्यांची पट्टी वापरायची. विधानं अशी हवीत की सहमती द्यायला लाज वाटणार नाही. काही उलटी घाला, म्हणजे एका रांगेत सरळ टिका मारत गेलेली उत्तरं ओळखू येतात. माझी काही विधानं:

'वॉर्ड भरलेला असताना हात साफ करणं मागे पडतं, आणि ते समजण्यासारखं आहे.'

'सरांनी राउंडला हात साफ न करता ड्रेसिंग उघडलं तर मी त्यांच्यापुढे बाटली धरू शकते.'

'प्रिक (सुई टोचल्याचं) कळवलं की चूक माझीच ठरते.'

'पेशंटला हात लावायच्या आधीपेक्षा हात लावून झाल्यावर हात साफ करणं जास्त गरजेचं आहे.'

शेवटचं विधान नीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने हात साफ करायच्या पाच वेळा सांगितल्यात: पेशंटला हात लावण्याआधी, स्वच्छ किंवा निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त, लघवी, थुंकी यांचा संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. पहिल्या दोन पेशंटला वाचवतात. नंतरच्या तीन आपल्याला आणि पुढच्या पेशंटला. ठिकठिकाणच्या निरीक्षणांत दिसत आलंय की 'नंतर'चं पाळलं जातं, 'आधी'चं सुटतं. घाण वाटते म्हणून आपण धुतो. आपला हात दुसऱ्यासाठी घाण असेल हे मनात येत नाही. या विधानाला सहमती जास्त आली तर तुमच्या ट्रेनिंगचा विषय तिथेच ठरला.

आणखी एक युक्ती. 'मी कधीकधी सुईला परत टोपण लावते' याला कुणी हो म्हणत नाही. 'माझ्या वॉर्डातल्या जणी घाईत सुईला टोपण लावतात' याला पटकन हो येतं. दुसऱ्याबद्दल विचारलं की स्वतःचं कळतं.

कागद झाले की चहाला बसा. चार-पाच जणी, इनचार्जशिवाय. एका सीनियर सिस्टरनी मला तोंडावर सांगितलं, "अगं, एवढी वर्षं असंच करतोय आम्ही, कुणाला काय झालंय?" हे ऐकून लगेच लेक्चर द्यायला जाऊ नका. त्यांच्या बाजूने ते खरंच आहे, त्यांनी खरोखर काही पाहिलेलं नसतं. हॉस्पिटलचा संसर्ग साधारणपणे दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर दिसायला लागतो. ऑपरेशनच्या जखमेचा ३० दिवसांपर्यंत मोजतात, आत इम्प्लांट असेल तर काही ऑपरेशनांत ९० दिवसांपर्यंत. तोवर पेशंट डिस्चार्ज होऊन जत, आटपाडी, कवठे महांकाळला पोहोचलेला असतो. पू झाला तर तो गावातल्या डॉक्टरकडे जातो, कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर ताप आला तर पॅरासिटामॉल घेतो. ज्या हाताने तो संसर्ग गेला त्या हाताला काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात आहे की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अ‍ॅक्यूट केअरच्या शंभर पेशंटांपैकी १५ जणांना दाखल असताना किमान एक तरी संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. पण हा आकडा सांगून त्या सिस्टरचं मत बदललं नाही. आम्ही ऑपरेशनच्या पेशंटना महिन्याने फोन करायला लागलो आणि जखम चिघळलेल्यांची यादी, नावं झाकून, त्यांच्याच वॉर्डात लावली. मग त्या स्वतः येऊन विचारायला लागल्या, "त्या तिसऱ्या हर्नियाचं ड्रेसिंग कुणी केलं होतं गं?"

आता ट्रॉली उघडा

हा माझा आवडता भाग. कागद-पेन घेऊन ठसक्यात जाऊ नका, फाइल ऑडिटला बसल्यासारखं बसा आणि ट्रॉली बघा.

एनएसची सार्वजनिक बाटली वर सांगितलीच. सलाइनच्या एका बाटलीतून अनेक पेशंटांचे फ्लश काढणं म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला द्यायची वाट उघडणं. वापरलेली सिरिंज एकदा जरी त्या रबरात परत गेली तरी पुरे. उपाय: १० मिलीचं एनएसचं अ‍ॅम्प्यूल, एका पेशंटला एक.

व्हायलच्या रबरात कायमची खोचलेली सुई. औषध काढायला सोपं जातं म्हणून ठेवतात. ती सुई म्हणजे हवेला आत जायला नळी. मल्टिडोस व्हायल (अनेक डोसांची औषधाची कुपी) उघडली की तारीख लिहायची, कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर २८ दिवसांनी फेकायची, दर वेळी रबर अल्कोहोलने पुसून वाळू द्यायचं आणि नवी सुई, नवी सिरिंज घ्यायची.

सलाइनच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला टोचलेली सुई. ही तर महाराष्ट्रभर दिसते. बाटली आक्रसत नाही, थेंब अडतात, म्हणून हवा जायला सुई टोचायची. वॉर्डातली हवा गाळणीशिवाय थेट सलाइनमध्ये, आणि तिथून शिरेत. सलाइनच्या सेटलाच फिल्टरवाला एअर व्हेंट (हवा आत जायची वाट) असतो, त्याचं झाकण उघडलं की काम होतं. आमच्याकडे निम्म्या स्टाफला ते झाकण कशासाठी आहे हे ठाऊक नव्हतं, कारण कॉलेजात शिकताना सगळ्यांनी सुईच टोचलेली पाहिली होती.

स्पिरिटच्या स्वॅबची बरणी. सकाळी कापूस भिजवून ठेवायचा आणि दिवसभर बोटांनी काढायचा, यातून बोटांवरचं सगळं बरणीत उतरतं. सुटे स्वॅब किंवा तेव्हाच भिजवलेला कापूस वापरा. तिच्याशेजारी सॅव्हलॉनच्या बाटलीत उभा केलेला चिटल फोरसेप (निर्जंतुक वस्तू उचलायचा मोठा चिमटा). सॅव्हलॉनमध्ये आहे म्हणजे निर्जंतुक, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. साठवलेल्या अशा द्रावणांत स्यूडोमोनाससारखे जंतू मजेत वाढतात. फोरसेप ऑटोक्लेव्ह करून कोरड्या डब्यात ठेवा आणि दर शिफ्टला बदला.

मग बेड. युरोबॅग जमिनीला टेकलीय का, की पेशंटला शिफ्ट करताना त्याच्या पोटावर ठेवलीय? ती कायम मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीच्या वर हवी. कॅथेटर घालायचं कारण फाइलमध्ये लिहिलंय का, आणि आज ते लागतंय का हे आज सकाळी कुणी विचारलं का? युरीन इन्फेक्शन टाळायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॅथेटर काढणं, आणि तो सिस्टरने राउंडला आठवण करून दिल्याशिवाय होत नाही. सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी, गॉझचं दोन दिवसांनी, आणि ओलं किंवा सुटलं तर लगेच. थ्री-वेला (सलाइनच्या नळीवरच्या तीन तोंडांच्या जोडाला) सिरिंज लावण्याआधी तोंड घासलं की नुसतं पुसल्यासारखं केलं, हे लांबूनही दिसतं.

हात मोजायचे

एका बैठकीला साधारण वीस मिनिटं. पाच वेळांपैकी किती वेळा संधी आली आणि त्यातल्या किती वेळा हात साफ झाला, एवढंच लिहायचं. भागाकार गुणिले शंभर. एका वॉर्डाच्या एका फेरीत २०० संधी बघाव्यात असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. एकटीने ते जमायला बरेच दिवस जातात, जातील तेवढे जाऊ द्या. तीन शिफ्टमध्ये पसरवा.

तुम्ही बसलात की सगळ्या हात धुतात, हे गृहीत धरा. म्हणून मी स्टोअरला जाते. हॅन्ड रबचा खप खोटं बोलत नाही. ३० बेडचा भरलेला वॉर्ड, महिन्याचे ३० दिवस, म्हणजे ९०० पेशंट-दिवस. हजार पेशंट-दिवसांना किमान २० लिटर हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड. त्या हिशेबाने १८ लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ३६ बाटल्या. आता समजा इंडेंट बुकात (स्टोअरमधून सामान मागवायच्या वहीत) त्या वॉर्डाच्या नावावर चारच बाटल्या निघाल्या. दोन लिटर, एका वेळेला ३ मिली धरले तर साडेसहाशेच्या आसपास वेळा. ९०० पेशंट-दिवसांत साडेसहाशे, म्हणजे एका पेशंटमागे दिवसाला एक वेळही नाही. त्या वॉर्डाचा कागदावरचा दृष्टिकोन कितीही सकारात्मक असो. साबणाचा खपही जोडीला बघा, म्हणजे अन्याय होणार नाही.

कारण शोधा, मग शिकवा

प्रश्नावली, ट्रॉलीची नोंद आणि हातांची मोजणी असे तिन्ही कागद शेजारी ठेवले की चित्र दिसतं. जिथे उत्तरच चुकलंय तिथे शिकवा. पण सभागृहात प्रोजेक्टर लावून नको. ट्रॉलीपाशी, दहा मिनिटं, हातात वस्तू घेऊन. एअर व्हेंटचं झाकण मी असंच शिकवलं.

उत्तर बरोबर आणि हात चुकलेला, असं असेल तर आधी सामान तपासा. आमच्या एका वॉर्डात हॅन्ड रबच्या बाटल्या इनचार्ज सिस्टरनी कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या, नातेवाईक उचलून नेतात म्हणून. त्यांचंही चुकत नव्हतं. हिशेब त्यांनाच द्यावा लागायचा. बेडच्या पायथ्याला जाळीचे होल्डर लावले आणि महिन्याला काही बाटल्या 'गहाळ' म्हणून मान्य करून घेतल्या, तेव्हा कुलूप निघालं. हायपोच्या बादलीवर आम्ही लाल रंगाने दोन रेघा मारल्या, खालची हायपोची, वरची पाण्याची. मावशींना टक्केवारी शिकवायची गरज संपली. हाताची त्वचा फाटते ही तक्रार खरी असते. साबणाने धुऊन लगेच वर रब चोळू नका, दोन्हींपैकी एकच पुरतं, आणि सिंकपाशी साधं मॉइश्चरायझर ठेवा. हिरव्या चुड्याचा प्रश्न लग्नसराईत येतोच. मी मनगट मोकळं हवं एवढंच सांगते आणि चेंजिंग रूममध्ये कुलपाचा खण देते. वाद घालण्यापेक्षा खण स्वस्त पडतो.

तिसरी गाठ अवघड. माहीत आहे, सामान आहे, पण सर धुवत नाहीत तर मी का धुवू? किंवा, मी बोलले तर मलाच ऐकावं लागेल. हे स्टाफच्या ट्रेनिंगने सुटत नाही. इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या मीटिंगमध्ये आकडे डॉक्टर, नर्स, मावशी-मामा असे वेगळे मांडा, नावं न घेता. डॉक्टरांचा आकडा नर्सपेक्षा कमी आला की खोली शांत होते. त्याच मीटिंगमध्ये मेडिकल डायरेक्टरकडून एक ठराव करून घ्या: राउंडच्या ट्रॉलीवर बाटली असेल आणि राउंड तिच्यापासून सुरू होईल. मग बाटली पुढे करणाऱ्या मुलीला कुणाशी भांडावं लागत नाही. प्रिकच्या रजिस्टरमधला 'चूक कोणाची' हा रकाना मी काढायला लावला. त्याजागी 'सुई कुठे होती, डबा किती भरला होता' असं विचारतो. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा असतो. नोंदी वाढल्या तेव्हा व्यवस्थापनाला वाटलं प्रिक वाढले. आधीचे कळतच नव्हते, हे समजावायला एक अख्खी मीटिंग गेली.

निकाल कुणाला, कसा

स्टाफला आधी, व्यवस्थापनाला नंतर. हा क्रम उलटा केलात तर पुढच्या वेळी कुणी खरं लिहिणार नाही. एका पानात, मराठीत, वॉर्डाच्या नोटीस बोर्डावर. टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर या संख्याशास्त्राच्या चाचण्या डिसर्टेशनच्या गाइडसाठी ठेवा. शासकीय रुग्णालयात असाल तर कायाकल्प या सरकारी स्वच्छता योजनेच्या तपासणीला हेच कागद कामी येतात. खाजगीत एनएबीएच या दर्जा-मान्यतेच्या वेळी. पण तपासणीच्या आदल्या आठवड्यात गोळा केलेले आकडे वेगळे ठेवा, त्यांची सरासरीत भेसळ नको.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. प्रसंग बदला, नाहीतर उत्तरं पाठ झालेली असतात. विधानं मात्र तीच ठेवा, तुलना त्यांचीच करायची आहे. कागदावरचे गुण जागच्या जागी आणि स्टोअरमधून निघणाऱ्या बाटल्या वाढलेल्या, असं दिसलं तर बाटल्यांवर विश्वास ठेवा.

आणि नवीन स्टाफचं वेगळं रजिस्टर करा. आमच्यासारख्या हॉस्पिटलात मुली टिकत नाहीत. कुणी सरकारी भरतीला जाते, कुणी दुबईला, कुणी पुण्याला. वर्षभरात अर्धा वॉर्ड नवा झालेला असतो आणि मागच्या वर्षीचा निकाल ज्यांचा होता त्या इथे नसतात. म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकीला चारच गोष्टी करून दाखवायला सांगते: हात चोळून दाखव, एअर व्हेंट उघडून दाखव, हायपो करून दाखव, आणि पीईपीच्या कपाटापर्यंत मला चालत घेऊन जा.